एका मार्काचा एल्फिन्स्टन

पेशवाई बुडवणारा, साताऱ्याच्या गादीवर छत्रपतींना बसवणारा आणि मराठी शाळेच्या पुस्तकांसाठी सरकारी पैसा काढणारा साहेब एकच होता. गाईडमधल्या एका ओळीत तो मावत नाही.

स्पर्धा परीक्षेचं कुठलंही गाईड उघडा. 'मुंबई इलाख्याचा गव्हर्नर, १८१९ ते १८२७' या ओळीसमोर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे नाव सापडतं. चार पर्यायांतला एक गोल काळा करायचा, एक मार्क खिशात घालायचा आणि पुढच्या प्रश्नाला लागायचं.

उंब्रजच्या स्टँडवर कराडची नाहीतर साताऱ्याची एसटी येईपर्यंत तुम्ही हेच गाईड चाळत असाल, तर दोन मिनिटं थांबा. तुम्ही उभे आहात तो कृष्णा-तारळीच्या संगमाचा पट्टा दोनशे वर्षांपूर्वी कोणाच्या राज्यात राहणार, हे ठरवण्यात या माणसाचा मोठा हात होता. तुम्ही ज्या अर्थाने 'शिक्षण' हा शब्द वापरता, म्हणजे सरकारी पैशातून चालणारी शाळा, छापलेलं पुस्तक, परीक्षा, त्याची आपल्या भागातली सुरुवातही याच्या टेबलावरून झाली. आणि ती शाळा तुमच्या-माझ्या घरापर्यंत यायला एवढी वर्षं का लागली, याचंही थोडं उत्तर त्याच टेबलावर सापडतं.

म्हणून आज हा एक मार्काचा प्रश्न जरा सविस्तर सोडवू.

सोळाव्या वर्षी नोकरी

जन्म ६ ऑक्टोबर १७७९, स्कॉटलंडमधला. वडील लॉर्ड, एडिंबरोच्या किल्ल्याचे गव्हर्नर. त्या किल्ल्यात फ्रेंच कैदी ठेवलेले असायचे. गव्हर्नरसाहेबांचं हे चिरंजीव त्या कैद्यांकडून फ्रेंच क्रांतीची गाणी शिकून ती मोठ्याने म्हणत फिरायचे. घरच्यांना ते किती आवडत असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

मोठ्या घरातल्या धाकट्या मुलाला वारशात फारसं काही मिळायचं नाही. मग ओळखीपाळखीने ईस्ट इंडिया कंपनीत चिकटवायचं, ही तिकडची रीत. एल्फिन्स्टन १७९६ मध्ये कलकत्त्याला उतरला तेव्हा सोळा वर्षांचा होता. आपल्याकडे त्या वयात अकरावीचं ॲडमिशन चाललेलं असतं. कॉलेजची पायरी तो चढलाच नव्हता. पुढे लोक त्याला विद्वान म्हणाले, ती विद्या त्याने स्वतःच्या वाचनातून मिळवली. आधी फारसी, मग ग्रीक आणि लॅटिन. मोहिमेवर असतानाही सामानात पुस्तकं असायची आणि तंबूत दिव्याच्या उजेडात वाचन चालायचं.

नोकरीची सुरुवात बनारसला झाली. तिथे जानेवारी १७९९ मध्ये अवधच्या पदच्युत नवाबाने, वजीर अलीने, इंग्रजांवर हल्ला केला. कंपनीचा वकील चेरी मारला गेला. एल्फिन्स्टन घोड्यावर बसून कसाबसा निसटला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. दोन वर्षांनी त्याची बदली पुण्याच्या रेसिडेन्सीत झाली आणि आपल्या इतिहासात त्याचा प्रवेश झाला.

१८०३ मध्ये शिंदे-भोसल्यांविरुद्धच्या युद्धात तो आर्थर वेलस्लीबरोबर असई, अडगाव आणि गाविलगड अशा तिन्ही ठिकाणी होता. हा वेलस्ली म्हणजे पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. या पोराने पेशा चुकीचा निवडला, हा खरा शिपाई व्हायचा, असं वेलस्लीचं मत पडलं. पण एल्फिन्स्टनचं खरं हत्यार वेगळं होतं. ते कळायला काबूलची गोष्ट ऐकावी लागते.

काबूल न बघता काबूलचा तज्ज्ञ

नागपूरला चार वर्षं रेसिडेंट म्हणून काढल्यावर १८०८ मध्ये त्याला अफगाणिस्तानच्या शाहाकडे वकील म्हणून पाठवलं. नेपोलियन इराणमार्गे हिंदुस्थानवर येईल, अशी कंपनीला धास्ती होती. १८०९ च्या सुरुवातीला पेशावरला शाह शुजाच्या दरबारात भेट झाली. शाहाच्या अंगावरच्या जवाहिरात त्याने कोहिनूर पाहिला आणि त्याची नोंद करून ठेवली. त्याच वर्षी जूनमध्ये तह झाला आणि लगेच शाह शुजाची गादीच गेली. म्हणजे राजकारण म्हणून बघितलं तर मोहीम फुकट.

पण पेशावरच्या त्या मुक्कामात एल्फिन्स्टन आणि त्याच्या सोबत्यांनी एक काम केलं. भूगोल एकाने, व्यापार दुसऱ्याने, हवामान तिसऱ्याने, असे विषय वाटून घेतले. व्यापारी, यात्रेकरू, सरदार, जो भेटेल त्याला प्रश्न विचारले. एकाचं उत्तर दुसऱ्याशी ताडून पाहिलं. आपण ग्रुप प्रोजेक्टमध्ये जे करतो असं कागदावर दाखवतो, ते या लोकांनी खरंच केलं. त्यातून १८१५ मध्ये काबूलच्या राज्यावर त्याचा जाडजूड ग्रंथ आला. पुढे कित्येक वर्षं युरोपात अफगाणिस्तानबद्दल बोलायचं म्हटलं की हेच पुस्तक काढलं जायचं. गंमत म्हणजे लेखकाने काबूल शहर पाहिलेलंच नव्हतं. तो पेशावरच्या पुढे गेलाच नाही.

मास कॉमच्या वर्गात आम्हाला पहिल्या महिन्यात सांगितलं जातं की मुलाखतीआधी माणूस वाचून जा. एल्फिन्स्टन तर आख्खा देश वाचून जायचा. आणि त्याचं हे वाचन ज्ञानाच्या आवडीपुरतं नव्हतं. जो मुलूख आज समजून घेतला, तो उद्या ताब्यात घेता येतो, हे कंपनीला चांगलं माहीत होतं आणि त्यालाही. पुण्यात तेच झालं.

संगमावरची आग

१८११ मध्ये तो पुण्याचा रेसिडेंट झाला. रेसिडेन्सी होती मुळा-मुठेच्या संगमावर. पेशवे होते दुसरे बाजीराव. पेशव्यांच्या वाड्यात काय शिजतंय, याची खबर संगमावर पोचायला वेळ लागत नसे. त्याच्या बातमीदारांचं जाळं इतकं घट्ट होतं.

जुलै १८१५ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला. शास्त्री इंग्रजांच्या हमीवर आले होते. एल्फिन्स्टनने बाजीरावांच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यांवर बोट ठेवलं आणि त्यांना पकडून ठाण्याच्या किल्ल्यात ठेवायला भाग पाडलं. पुढच्या वर्षी त्रिंबकजी तिथून पळाले. बाहेर एक मोतद्दार घोड्याची निगा राखता राखता गाणं म्हणायचा आणि त्या गाण्यातून पळून जाण्याचा बेत आत पोचवायचा, अशी कथा सांगतात. पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायांना मराठी येत नव्हतं, म्हणून ते जमलं म्हणे. खरं असेल तर मराठी न येण्याची एवढी मोठी किंमत इंग्रजांनी क्वचितच मोजली असेल.

जून १८१७ मध्ये त्याने बाजीरावांच्या गळ्यात पुणे तह बांधला आणि ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली. त्या दिवशी एल्फिन्स्टन रेसिडेन्सी सोडून नदी ओलांडून खडकीच्या फौजेला मिळाला आणि मागे रेसिडेन्सी पेटली. त्याची ग्रंथांची खोली, टिपणं, कागद, सगळं त्यात गेलं. बारा दिवसांनी पुणं पडलं. शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढवणारे बाळाजीपंत नातू आपल्यातलेच होते, हे नाव आजही लोक विसरलेले नाहीत.

साताऱ्याची गादी

इथून पुढे गोष्ट आपल्या जिल्ह्यात येते.

बाजीराव फौज घेऊन पळत होते. इंग्रजांना नुसती लढाई जिंकून चालणार नव्हतं. मराठा सरदार आणि शिपाई बाजीरावांपासून तोडायचे होते. एल्फिन्स्टनने ओळखलं की पेशवे झाले तरी ते प्रधान. खरी गादी साताऱ्याची. ती गादी पेशव्यांनी कित्येक वर्षं नावापुरती ठेवली आहे, हे लोकांच्या मनात सलतंय. फेब्रुवारी १८१८ मध्ये अजिंक्यतारा इंग्रजांच्या हाती आला आणि तिथे निशाण लावलं गेलं ते भोसल्यांचं. पाठोपाठ एल्फिन्स्टनचा जाहीरनामा निघाला. छत्रपतींना स्वतंत्र राज्य देऊ, वतनं-इनामं राखू, धर्मात हात घालणार नाही, बाजीरावाला मात्र वसूल देऊ नका, असा त्याचा मथितार्थ. हजार तोफांनी झालं नसतं, ते या एका कागदाने केलं.

२० फेब्रुवारीला आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि बाजीरावांच्या छावणीत असलेले प्रतापसिंह महाराज इंग्रजांकडे आले. महाराजांच्या घरची माणसं तेव्हा वासोट्यावर होती. हंटर आणि मॉरिसन नावाचे दोन इंग्रज अधिकारीही तिथेच कैदेत होते. शिवसागरातून बोटीने जाऊन तुम्ही वासोट्याचा ट्रेक केला असेल, तर त्या जंगलात तोफा कशा चढवल्या असतील असा प्रश्न पडेल. पण एप्रिलमध्ये तो किल्लाही पडला. त्याच महिन्यात पंचविशीतले प्रतापसिंह महाराज साताऱ्याच्या गादीवर बसले.

२५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने राज्याच्या हद्दी ठरल्या. उत्तरेला नीरा आणि भीमा, दक्षिणेला वारणा आणि कृष्णा, पश्चिमेला सह्याद्री, पूर्वेला पंढरपूरपर्यंत. आपला उंब्रजचा पट्टा बरोबर आत. पण तहात एक खुंटी मारून ठेवलेली होती. बाहेरच्या कोणत्याही राजाशी महाराजांनी रेसिडेंटला वगळून पत्रव्यवहार करायचा नाही. राज्य दिलं, पण दोरी स्वतःकडे ठेवून.

महाराजांना कारभार शिकवायला एल्फिन्स्टनने जेम्स ग्रँट नावाचा अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा कॅप्टन नेमला. १८२२ मध्ये कारभार महाराजांच्या हाती सोपवून तो गेला. मधल्या काळात त्याने साताऱ्यात बसून जुनी दफ्तरं, बखरी, कैफियती गोळा केल्या आणि १८२६ मध्ये मराठ्यांचा तीन खंडांचा इतिहास छापला. आपण ज्याला ग्रँट डफ म्हणतो, तो हाच. त्याच्या चुका काढत काढतच पुढे आपल्या इतिहासकारांच्या पिढ्या उभ्या राहिल्या.

गादीची गोष्ट मात्र गोड संपली नाही. १८३९ मध्ये, एल्फिन्स्टन जाऊन बारा वर्षं झाल्यावर, गोव्याच्या पोर्तुगीजांशी वगैरे कारस्थान केल्याचे आरोप ठेवून महाराजांना पदच्युत केलं आणि बनारसला धाडलं. तीच ती तहातली खुंटी. महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि चौदा वर्षं तिथे भांडत राहिले. १८४८ मध्ये डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्यच खालसा केलं. इंग्लंडमध्ये निवृत्त बसलेल्या एल्फिन्स्टनला साताऱ्याशी झालेला हा व्यवहार अजिबात पटला नव्हता. पण ज्या कागदाने राज्य दिलं, त्याच कागदात ते काढून घ्यायची सोय होती. आणि तो कागद त्याच्याच अमलात तयार झाला होता.

तोफेचं तोंडही त्याचंच

एल्फिन्स्टन म्हटलं की सौम्य, सहिष्णु, रयतेच्या चालीरीती जपणारा साहेब, असं चित्र पुस्तकांत रंगवलेलं असतं. त्यात तथ्य आहे. जहागिरी त्याने सरसकट बुडवल्या नाहीत. पंचायतींचे निवाडे चालू ठेवायचा प्रयत्न केला. जिंकलेल्या मुलखातले कायदे कसे आहेत, गावगाडा कसा चालतो, हे कळावं म्हणून कलेक्टरांना प्रश्नांच्या लांबलचक याद्या पाठवल्या. पुण्यात रॉबर्टसन, नगरला पॉटिंजर, खानदेशात ब्रिग्ज, साताऱ्यात ग्रँट, सगळ्यांनी उत्तरं दिली. त्यावरून ऑक्टोबर १८१९ मध्ये त्याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. पेशवाईच्या शेवटच्या काळातलं गाव कसं होतं हे अभ्यासायचं तर अभ्यासकांना तो आजही उघडावा लागतो.

पण त्याच माणसाची दुसरी नोंदही आहे. राज्य हाती आल्यावर थोड्याच दिवसांत पुण्या-साताऱ्यातल्या गोऱ्यांना मारून छत्रपतींना ताब्यात घेण्याचा कट उघडकीला आला. एल्फिन्स्टनने कटाच्या म्होरक्यांना तोफेच्या तोंडी दिलं. यावरून उद्या विलायतेत अडचण होईल, कायद्याचं संरक्षण मागून घे, असं मुंबईच्या तेव्हाच्या गव्हर्नरने सुचवलं. त्याने नकार दिला. आपण केलं ते बरोबर की चूक, ते त्याच्याच बळावर ठरू दे, असं त्याचं म्हणणं. याला करारीपणा म्हणायचं की सत्तेची मस्ती, ते तुम्ही ठरवा. एवढं खरं की १८५७ मध्ये साताऱ्याच्या गेंडामाळावर रंगो बापूजींच्या मुलासह सतरा जणांना देहदंड दिला, तेव्हा तोफेचं तोंड साताऱ्याच्या लोकांना पुन्हा बघावं लागलं.

कोपऱ्यातला पुस्तकांचा ढीग

१ नोव्हेंबर १८१९ ला एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला आणि आठ वर्षं राहिला. या आठ वर्षांतलं त्याचं सगळ्यात लांब टिकलेलं काम म्हणजे शिक्षण.

पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटायचे. त्या दक्षिणेच्या पैशातला काही भाग वळवून ६ ऑक्टोबर १८२१ ला पुण्यात विश्रामबागवाड्यात पाठशाळा सुरू झाली. तारीख बघितलीत? एल्फिन्स्टनचा वाढदिवस. तीच पाठशाळा वळणं घेत घेत आजचं डेक्कन कॉलेज झाली. १८२२ मध्ये मुंबईत शाळा आणि शाळेची पुस्तकं यांसाठी सोसायटी निघाली. तिला त्याने सरकारी पैसा दिला. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस आणि शास्त्रीमंडळींनी मिळून गणित-भूमितीची पुस्तकं मराठीत आणली. शास्त्र्यांनी मराठीचा कोश केला. १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला, ज्याच्याशिवाय जुनी मराठी वाचणाऱ्यांचं आजही पान हलत नाही.

इथे एक वाद लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण तो अजून संपलेला नाही. कौन्सिलातला फ्रान्सिस वॉर्डन म्हणत होता, सगळा भर इंग्रजीवर द्या. एल्फिन्स्टनचं मत होतं की इंग्रजी शाळा हव्यातच, पण बहुसंख्य लोकांना नवं शास्त्र त्यांच्याच भाषेत मिळालं पाहिजे आणि त्यासाठी आधी पुस्तकं हवीत. गावात इंग्लिश मीडियमची पिवळी बस आल्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेचं काय करायचं, यावर तुमच्या घरात झालेलं भांडण म्हणजे वॉर्डन-एल्फिन्स्टन वादाचाच पुढचा अंक.

पुढे साताऱ्याचा रेसिडेंट झालेल्या जॉन ब्रिग्जने सांगितलेली एक आठवण आहे. एल्फिन्स्टनच्या तंबूत एका कोपऱ्यात छापील मराठी पुस्तकांचा ढीग पडलेला होता. ब्रिग्जने विचारलं, हे कशाला? एल्फिन्स्टन म्हणाला, इथल्या लोकांना शिकवायला. पण आपल्याला युरोपात परत नेणारा हमरस्ताही हाच आहे. ब्रिग्ज चक्रावला. मग गव्हर्नर असून तुम्हीच हे का सुरू करताय? उत्तर आलं, काहीही झालं तरी त्यांच्या बाबतीतलं आपलं कर्तव्य आपल्याला केलंच पाहिजे.

विचार करा. काँग्रेसचा जन्म व्हायला अजून सहा दशकं होती. टिळक-गांधी तर जन्मलेही नव्हते. आणि राज्य करणारा माणूस सांगतोय की लोक शिकले की आपण जाणार. हे त्याला दिसलं होतं. दिसूनही त्याने शाळा काढल्या. त्याच्याबद्दल आदर वाटायचा असेल, तर तो इथे वाटू शकतो.

पण दरवाजा कुठला उघडला?

आता नाण्याची दुसरी बाजू. विश्रामबागवाड्यातली पाठशाळा सुरू झाली ती ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी. पैसाही त्यांच्याच दक्षिणेचा, म्हणून हे साहजिक होतं, असं कोणी म्हणेल. पण प्रश्न त्याहून खोल आहे.

डिसेंबर १८२३ मध्ये एल्फिन्स्टनने शिक्षणावर मोठं टिपण लिहिलं. करायच्या गोष्टींच्या यादीत खालच्या वर्गांना शिकायला उत्तेजन द्यावं, हा मुद्दा आहे. मात्र त्याच टिपणात एक धोक्याची सूचनाही आहे. मिशनऱ्यांना सगळ्यात खालच्या जातींची मुलं सर्वांत हुशार विद्यार्थी वाटतात, हे त्याला माहीत होतं. तरी त्याचं म्हणणं असं की अशा मुलांना विशेष उत्तेजन देताना सांभाळून राहावं. नवी विद्या आधी त्यांच्यात रुजली तर बाकीचा समाज ती कधीच स्वीकारणार नाही आणि सरकारच्या पाठीशी उभा राहील तो फक्त तिरस्कृत ठरलेला एक लहान वर्ग.

म्हणजे जातीची भिंत त्याला स्पष्ट दिसत होती. भिंतीपलीकडची मुलं हुशार आहेत, हेही कळत होतं. तरी राज्य शांतपणे चालावं म्हणून त्याने भिंतीला हात लावला नाही. वर ओतलेलं पाणी झिरपत झिरपत खाली जाईल, अशी आशा पुढच्या सगळ्या सरकारी धोरणात दिसते. पाणी झिरपलं नाही.

हे ठणकावून सांगितलं जोतीराव फुल्यांनी. त्यांचं मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातलं, कटगुण. सावित्रीबाईंचा जन्मही आपल्याच जिल्ह्यात, खंडाळ्याजवळच्या नायगावात. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी हिशोब मांडला. सरकारी तिजोरी भरते ती शेतकऱ्याच्या घामाने, आणि शिक्षणाचा खर्च होतो तो वरच्या वर्गांवर. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. एल्फिन्स्टनच्या टिपणाला साठ वर्षांनी मिळालेलं ते उत्तर होतं.

शंभर वर्षांनी, काले

आता दोन तारखा शेजारी ठेवा. ऑक्टोबर १८१९: एल्फिन्स्टन जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहितो आणि लगेच गव्हर्नर होतो. ४ ऑक्टोबर १९१९: कराड तालुक्यातल्या काले गावी भाऊराव पाटील रयत शिक्षण संस्था सुरू करतात. मध्ये बरोबर शंभर वर्षं.

एल्फिन्स्टनच्या शाळेचा दरवाजा वरच्या बाजूने उघडत होता. कर्मवीरांनी तो जमिनीलगत उघडला. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी सुरू केलेल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवायची. फी नाही? मग काम कर आणि शीक. 'कमवा आणि शिका' हे शब्द तुमच्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर आजही असतील. त्यामागे दोनशे वर्षं जुन्या प्रश्नाचं उत्तर आहे: शाळा कोणाच्या पोरापासून सुरू करायची? साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ चं, कराडचं सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज १९५४ चं. तुमच्यातल्या कित्येकांच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट याच वर्गांतून बाहेर पडलेला असेल.

आणखी एक धागा आहे आणि तो थेट एल्फिन्स्टनपर्यंत जातो. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी शाळेत एका मुलाचं नाव दाखल झालं. भीमराव रामजी आंबेडकर. ती शाळा आज छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. प्रतापसिंह म्हणजे एल्फिन्स्टनने गादीवर बसवलेले तेच महाराज. पुढे हा मुलगा मुंबईला गेला, एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाला आणि एल्फिन्स्टन कॉलेजमधून बी.ए. हे कॉलेज कुठून आलं? १८२७ मध्ये गव्हर्नर परत निघाला, तेव्हा त्याच्या नावाने प्राध्यापक नेमता यावेत म्हणून मुंबईच्या लोकांनी दोन लाख रुपयांहून जास्त वर्गणी जमवली. त्यातून आलं. पुढे बाळशास्त्री जांभेकरांनी तिथे शिकवलं. दादाभाई नौरोजी, रानडे, भांडारकर तिथून बाहेर पडले.

ज्या जातींच्या हुशार मुलांना पुढे आणताना सांभाळा, असं त्या गव्हर्नरने लिहिलं होतं, त्याच भिंतीपलीकडचा एक मुलगा त्याच्याच नावाच्या कॉलेजात शिकला आणि पुढे देशाच्या राज्यघटनेचा शिल्पकार झाला. साहेबाला जो हमरस्ता दिसला होता, तो त्याच्या अंदाजापेक्षा कितीतरी लांब गेला.

मग मार्क किती द्यायचे?

परत गेल्यावर एल्फिन्स्टनकडे गव्हर्नर जनरलचं पद दोनदा चालून आलं. दोन्ही वेळा तो नाही म्हणाला. लग्न केलं नाही. पुस्तकांत रमला. १८४१ मध्ये हिंदुस्थानचा इतिहास लिहिला, तो पानिपतपाशी, १७६१ वर थांबतो. इंग्रजी राज्याची गोष्ट त्यात नाही. २० नोव्हेंबर १८५९ ला तो गेला. वय ऐंशी.

अशा माणसाचं काय करायचं, हा प्रश्न आपल्या पिढीला सारखा पडतो. सोशल मीडियावर दोनच खाने असतात, पुतळा उभारा नाहीतर पुतळा पाडा. एल्फिन्स्टन दोन्ही खान्यांत बसत नाही. त्याने राज्य घेतलं, माणसं तोफेच्या तोंडी दिली, तहात खुंटी मारून ठेवली. त्यानेच मराठीत पुस्तकं छापायला पैसे दिले आणि शिकलेले लोक आपल्याला घालवतील हे माहीत असून शाळा काढल्या. यातली एक बाजू दुसरीला पुसत नाही.

पण एक गोष्ट त्याच्याकडून बिनधास्त उचलण्यासारखी आहे. त्याने या मुलखाबद्दल बोलायच्या आधी हा मुलूख विचारून घेतला. गाव कसं चालतं, निवाडा कोण करतो, वसूल कसा होतो, हे त्याला ठाऊक होतं. तुमच्या गावातली पहिली शाळा कोणत्या साली सुरू झाली, कोणाच्या वाड्यात किंवा देवळात भरायची आणि त्यात कोणाची पोरं बसायची नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे का? शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरमध्ये त्यातलं बरंच लिहिलेलं असतं. उरलेलं आजीला विचारा. आजी असेपर्यंत विचारा.

चौकट: काका की पुतण्या?

मुंबईचं 'एल्फिन्स्टन रोड' स्टेशन आपल्या या एल्फिन्स्टनच्या नावाचं होतं, असा अनेकांचा समज आहे. ते नाव होतं त्याच्या पुतण्याचं. जॉन, लॉर्ड एल्फिन्स्टन, हा १८५३ ते १८६० मध्ये मुंबईचा गव्हर्नर होता. २०१८ मध्ये त्या स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं. कॉलेजला नाव आहे ते मात्र काकाचं, माउंटस्टुअर्टचं. परीक्षेत दोघांची अदलाबदल झाली, तर तो एक मार्कही जाईल.